वतनदार कार्ब्युरेटर आणि इंजेक्शनची कचेरी

पन्नाशी उलटलेली, दोनच आसनांची, कापडी छताची आणि आज उपयुक्ततेपेक्षा अनुरागापोटीच सांभाळली जाणारी एखादी स्पोर्ट्स कार ज्याच्या पदरी आहे, त्या गृहस्थासमोर आज ना उद्या एक प्रश्न येऊन उभा राहतो. तिच्या इंजिनाला इंधन पोहोचवण्याचा कारभार मूळच्या कार्ब्युरेटरांच्याच हाती राहू द्यावा, की त्यांना सन्मानाने निवृत्त करून त्यांच्या जागी संगणकाच्या हुकमाने चालणारी इंजेक्शनची व्यवस्था आणावी? इंग्लंड-अमेरिकेत, जेथे अशा गाड्या पुष्कळ आणि त्यांच्यासाठी इंजेक्शनचे तयार संच विकणारे व्यापारीही पुष्कळ, तेथे हा वाद हिरिरीने खेळला जातो. आपल्याकडे अशा गाड्या मोजक्याच असल्या तरी वादाचा विषय मात्र सामान्य माणसाच्या परिचयाचा आहे, कारण १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले आणि घरोघरच्या बहुतेक दुचाकींतूनही कार्ब्युरेटर हद्दपार झाला. सकाळी चोक ओढणे, किका मारणे, पेट्रोल ओव्हर झाले म्हणून प्लग काढून पुसणे, हा नित्यक्रम ज्यांनी केला आणि पुढे बटण दाबताच सुरू होणारी गाडी ज्यांच्या दारी आली, त्यांना या दोन व्यवस्थांतील भेद समजावून सांगण्याची गरज नाही.

रोजच्या वापरातील नव्या गाडीपुरता हा निवाडा केव्हाच लागलेला आहे आणि तो इंजेक्शनच्या बाजूने लागला हे योग्यच झाले. धूर कमी, खप कमी, कटकट कमी, एवढ्या तीन गोष्टी त्या निवाड्यास पुरेशा आहेत. पण नव्या गाडीसाठी दिलेला हुकूम जुन्या गाडीवर जसाच्या तसा बजावावा काय, एवढाच मुद्दा येथे विचाराधीन आहे. माझे मत असे की, गाडी कारखान्यातून बाहेर पडताना इंधनाची जी व्यवस्था घेऊन आली तीच तिच्याकडे राहू द्यावी, आणि तीत बिघाड झाला तर तो दुरुस्त करावा. हे मत कार्ब्युरेटरच्या पक्षपातातून आलेले नाही, कारण हाच न्याय लावला तर ज्या जुन्या गाड्या इंजेक्शनसहच जन्मल्या त्यांच्यातून ते काढून टाकणेही तितकेच गैर ठरते.

दोन्ही व्यवस्थांचे काम एकच आहे. पेट्रोल पूर्णपणे जळावे यासाठी त्याच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, आणि इंजिन मंद चालो वा भरधाव, थंड असो वा तापलेले, हे प्रमाण गरजेप्रमाणे थोडेफार इकडेतिकडे करीत राखावयाचे असते. कार्ब्युरेटर हे काम जुन्या गावगाड्यातील वतनदार पाटलाच्या रीतीने करतो. तो वेशीवरच बसलेला असल्यामुळे गावात काय येते आणि काय जाते हे त्याला कोणी लिहून कळवावे लागत नाही. आत जाणारी हवा त्याच्या अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, वेग वाढला की तेथील दाब उतरतो, आणि फ्लोट चेंबरमधील पेट्रोल बाहेरच्या हवेच्या दाबाने जेटमधून आपोआप वर ढकलले जाते. म्हणजे हवा आपला वाटा आपणच वसूल करून घेते. इंजेक्शनची व्यवस्था कचेरीची आहे. हवा किती आली, ती किती उष्ण होती, ॲक्सिलरेटर किती दाबला गेला, इंजिनाचे फेरे किती झाले, यांचे अहवाल निरनिराळे सेन्सर क्षणोक्षणी धाडतात, संगणक आपल्या दप्तरातील कोष्टक पाहून इंजेक्टर एक सहस्रांश सेकंद उघडावा की चार याचे फर्मान काढतो, आणि एग्झॉस्टमध्ये बसवलेला ऑक्सिजन सेन्सर झाल्या कामाची फेरतपासणी करून चूकभूल कळवतो. कचेरी अधिक अचूक असते यात वाद नाही. मात्र तिच्या कारभारात कोठे काय अडले हे कळण्यासाठी दप्तर वाचता यावे लागते, आणि पाटलाचे काय बिनसले आहे ते बहुधा चावडीवर गेल्याबरोबर दिसते.

येथे एक समजूत दूर केली पाहिजे. कार्ब्युरेटर म्हणजे प्राचीन आणि इंजेक्शन म्हणजे अर्वाचीन, असा जो सरळसोट कालक्रम आपण मनात धरून चालतो, तो इतिहासाला मान्य नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांची मेसरश्मिट विमाने इंजेक्शनवर उडत होती आणि त्यांच्याशी झुंजणाऱ्या ब्रिटिश स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनात कार्ब्युरेटर होता. विमान एकाएकी नाक खाली घालून सूर मारू लागले की मर्लिनचा इंधनपुरवठा विस्कळीत होऊन इंजिन क्षणभर गुदमरे, आणि १९४१ साली फार्नबरो येथील बीट्रिस शिलिंग या अभियंता महिलेने छिद्र असलेली एक लहानशी चकती इंधनाच्या वाटेवर बसवून या दोषाची तीव्रता पुष्कळ कमी केली, ही कथा प्रसिद्ध आहे. त्या कथेत सहसा गाळली जाणारी गोष्ट अशी की, रोल्स-रॉइसच्या अभियंत्यांनी कार्ब्युरेटर अज्ञानाने पत्करलेला नव्हता. सुपरचार्जरच्या आधीच हवेत मिसळलेले पेट्रोल बाष्प होताना ती हवा थंड करते, थंड हवा घन असते, आणि घन हवेतून अधिक शक्ती मिळते, असा त्यांचा हिशेब होता आणि तो खोटा नव्हता.

मोटारींच्या शर्यतींतही हे दोन पक्ष दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदले. १९५२ साली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये सोलेक्सचे तीन कार्ब्युरेटर होते. १९५४ साली त्याच नावाची, वरच्या बाजूस उघडणाऱ्या दारांची जी गाडी सर्वसामान्य रस्त्यांसाठी विक्रीस आली, तिच्यात बॉशचा यांत्रिक पंप पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडत असे. त्या व्यवस्थेने गाडीला २१५ अश्वशक्ती दिली, आणि तिच्याबरोबर एक खोडही दिली: चावी बंद केल्यावर इंजिनाचे शेवटचे फेरे थांबेपर्यंत पंप पेट्रोल सोडतच राही, ते न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन खाली उतरे आणि इंजिन ऑइल पातळ करी. पुढे १९५६ साली ल माँ येथे जॅग्वार कंपनीने आपल्या अधिकृत पथकाच्या डी-टाइप गाडीवर लुकासचे इंजेक्शन चढवले. इंधनाच्या एका नळीला तडा गेला, तो शोधण्यात बहुमोल वेळ गेला, आणि ती गाडी सहावी आली, तर शर्यत जिंकली ती एकुरी एकॉस या स्कॉटिश पथकाच्या कार्ब्युरेटरवाल्या डी-टाइपने. दुसऱ्याच वर्षी, १९५७ मध्ये, त्याच स्कॉटिश पथकाने ३.८ लिटरच्या इंजेक्शनवाल्या डी-टाइपने तीच शर्यत पुन्हा जिंकली. एका वर्षाच्या अंतराने त्याच पथकाला, त्याच जातीच्या गाडीने आणि त्याच रस्त्यावर दोन परस्परविरुद्ध व्यवस्थांनी यश दिले, हे ज्याने ध्यानात घेतले तो यांपैकी एकीला निरपवाद श्रेष्ठ म्हणण्याची घाई करणार नाही. इंजेक्शन म्हणजे अधिक शक्ती हे समीकरणही असेच कच्चे आहे; फेरारी ३०८ वर १९८० साली एग्झॉस्टच्या निर्बंधांसाठी इंजेक्शन आले तेव्हा युरोपातील गाडीची शक्ती २५५ वरून २१४ वर उतरली होती.

या वादाचे मर्म ज्या गाडीत एकवटले आहे ती मात्र कॉव्हेंट्रीची ट्रायम्फ. याच घराण्याची हेराल्ड पुढे मद्रासमध्ये तयार होऊन ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने आपल्या रस्त्यांवर फिरली, म्हणून ते नाव मराठी वाचकाच्या मागच्या पिढीस अपरिचित नाही. १९६७ साली ट्रायम्फने अडीच लिटरचे, सहा सिलिंडरांचे इंजिन घेऊन एकाच गाडीची दोन रूपे काढली. ब्रिटन आणि इतर देशांसाठी टीआर५, जिच्यावर लुकासचे यांत्रिक इंजेक्शन होते आणि जिच्यासाठी १५० अश्वशक्तीचा दावा केला गेला. अमेरिकेसाठी टीआर२५०, जिच्यावर स्ट्रॉमबर्गचे दोन कार्ब्युरेटर होते आणि जिची शक्ती शंभराहून थोडीच अधिक होती. अमेरिकेत धुरावरचे नवे निर्बंध येऊ घातले होते, त्यांत लुकासचे इंजेक्शन बसत नव्हते आणि किमतीचाही प्रश्न होता, म्हणून ही फाळणी झाली. टीआर५ अवघ्या २,९४७ निघाल्या आणि टीआर२५० च्या ८,४८४.

टीआर५ च्या इंजेक्शनची पुढे फार नाचक्की झाली. तिचा इंधनपंप चालवणारी मोटर काचेवरचे वायपर चालवणाऱ्या मोटरीपासून विकसित केलेली होती आणि तिच्याकडून चौरस इंचास शंभर पौंडांच्या घरातील दाब निर्माण करण्याची अपेक्षा होती. ती तापे, तिच्याबरोबर पेट्रोल तापे, टाकीत पेट्रोल कमी असले की अधिकच तापे, आणि मग इंजिन ठेचकाळू लागे. गावोगावच्या मिस्त्रींना ही व्यवस्था शिकवलेली नव्हती, म्हणून त्यांनी सांगितलेला उपाय ठरलेला असे: इंजेक्शन काढा, कार्ब्युरेटर बसवा. अनेक मालकांनी तसे केले. आज परिस्थिती अशी आहे की, मूळ इंजेक्शन शाबूत असलेल्या टीआर५ ला अधिक मान आणि अधिक मोल आहे, तिचे मीटरिंग युनिट तपासून आणि जुळवून देणारे जाणकार कारागीर ब्रिटनमध्ये उपलब्ध आहेत, आणि त्या तापट पंपाऐवजी बॉशचा पंप बसवला म्हणजे हीच बदनाम व्यवस्था नेकीने चाकरी करते. याच सुमारास तिची अमेरिकन बहीण टीआर२५० हिच्यावरचे कार्ब्युरेटर काढून इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवण्याचा मोह तिच्या मालकांना पडू लागला आहे. एका पिढीने इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवले, दुसरी कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवू पाहते, आणि दोघींची चूक एकच: जी व्यवस्था नीट समजून घेतली नाही तिला निरुपयोगी ठरवून बडतर्फ करणे.

कोणी विचारील की, पंप बदललेला चालतो तर कार्ब्युरेटर बदललेला का चालू नये? याचे उत्तर असे की, पंप बदलल्याने व्यवस्थेची रीत बदलत नाही. मोजणारे यंत्र तेच, नळ्या त्याच, गाडीचा स्वभावही तोच. एक निर्बल नोकर जाऊन सबळ आला इतकेच. रबराच्या नळ्या बदलणे, झिजलेले स्पिंडल नवे घालणे, इग्निशनचे पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक ठिणगी येणे, ही सारी दुरुस्तीच्या सदरातील कामे होत, आणि कारभाराची पद्धतच उलथून टाकणे हे निराळे प्रकरण होय.

माझा दुसरा मुद्दा निदानाचा आहे. कार्ब्युरेटर त्रास देतात म्हणून ते काढावयास निघालेल्या मालकांपैकी पुष्कळांचा रोग कार्ब्युरेटरमध्ये नसतोच. डिस्ट्रिब्युटरमधील वजने झिजून ठिणगीची वेळ चुकत असते, कंडेन्सर अधूनमधून दगा देत असतो, मॅनिफोल्डच्या गास्केटमधून हवा चोरवाटेने आत शिरत असते, किंवा टाकीतला गंज फिल्टर ओलांडून जेटपर्यंत पोहोचलेला असतो. इंजेक्शनचा संच बसवताना या सर्व गोष्टी नाइलाजाने नव्या होतात, गाडी सुधारते, आणि त्या सुधारणेचे श्रेय अर्थातच इंजेक्शनला मिळते. तोच खर्च, तोच वेळ आणि तीच आस्था मूळ व्यवस्थेला मिळाली असती तर काय झाले असते याचा हिशेब कोणी मांडत नाही. इंग्लंडमधील एसयू कार्ब्युरेटर, ज्याचा मूळ कल्पक जॉर्ज हर्बर्ट स्किनर हा लंडनच्या पादत्राणांच्या व्यापारी घराण्यातला आणि ज्याच्या आरंभीच्या रचनेत चामड्याचा भाता होता, तो रचनेने इतका सोपा आहे की, वरची घुमटी काढली असता आतला दट्ट्या, त्याला जोडलेली निमुळती सुई आणि ती ज्यात वरखाली होते तो जेट, एवढाच त्याचा संसार दृष्टीस पडतो. सुई वर गेली की इंधनाची वाट रुंदावते, खाली आली की अरुंद होते. इटालियन वेबर याहून गुंतागुंतीचा खरा, पण त्याचे जेट आणि चोक सुटे काढून बदलता येतात, आणि प्रत्येकावर त्याचे माप कोरलेले असते. या दोहोंचे सुटे भाग आजही नवे मिळतात.

इंजेक्शनच्या बाजूने जे खरे आहे तेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. एकाच कार्ब्युरेटरकडून अनेक सिलिंडरांना जाणारे मिश्रण सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. थंड इंजिनात चोक ओढून भरमसाट पेट्रोल सोडावे लागते. आणि उंचीवर हवा विरळ झाली की कार्ब्युरेटर त्या प्रमाणात पेट्रोल कमी करीत नाही. समुद्रसपाटीवर जुळवलेली गाडी महाबळेश्वरला नेली तर मिश्रण पाच-सहा टक्क्यांनी अधिक गडद होते, आणि आल्प्समधील स्टेल्व्हिओ घाटावर, जो सुमारे २,७५० मीटर उंच आहे, ते याच्या दुपटीहून अधिक गडद होऊन प्लग काळे पडू लागतात. इथेनॉलचा मुद्दा याहून गंभीर आहे. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले, आणि आपल्याकडे, ज्यात महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचाही मोठा वाटा आहे, ते प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलच्या अंगीच ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या मापाच्या जेटमधून आलेले मिश्रण फिके पडते आणि इंजिन अधिक तापते. ऑक्सिजन सेन्सरवाले इंजेक्शन ही तूट मर्यादेत आपणच भरून काढते. परंतु एसयूची सुई एक माप गडद घेऊन अथवा वेबरचा मुख्य जेट थोडा मोठा घालून कार्ब्युरेटरलाही हाच हिशेब शिकवता येतो, आणि इथेनॉल जे रबर खाते व जे पाणी ओढून घेते त्याचा त्रास दोन्ही व्यवस्थांना सारखाच होतो, त्यावर नव्या प्रतीच्या नळ्यांशिवाय दुसरा तोडगा नाही.

याउलट, जुन्या गाडीवर इंजेक्शन आणणे म्हणजे एक वस्तू बदलणे नव्हे, हे विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेले नसते. कार्ब्युरेटरला चौरस इंचास तीन-चार पौंडांचा दाब पुरतो; इंजेक्शनला चाळिसाहून अधिक लागतो, म्हणजे टाकीपासून इंजिनापर्यंतची प्रत्येक नळी आणि प्रत्येक जोड नवा झाला पाहिजे, नाहीतर तापलेल्या एग्झॉस्टच्या शेजारी दाबाखालचे पेट्रोल फवारले जाण्याचा धोका आहे. वळणावर पेट्रोल एका अंगाला कलले की पंपाने हवा ओढू नये म्हणून टाकीत फेरफार हवा; शिलकी पेट्रोल टाकीत परत नेणारी दुसरी नळी बहुधा हवी; जुना डायनॅमो एवढ्या विजेची मागणी पुरवू शकत नाही, म्हणून अल्टरनेटर हवा; आणि हे सर्व झाल्यावर कोष्टक जुळवून देणारा तज्ज्ञ हवा. तो तज्ज्ञ निघून गेला, किंवा संच बनवणारी पेढी बंद पडली, किंवा त्या संगणकाशी बोलणारी प्रणाली कालबाह्य झाली, तर वीस वर्षांनी त्या गाडीचा मालक कोणाच्या दारी जाणार? साठ वर्षांपूर्वीचा वेबर ज्या पुस्तकावरून जुळवला जाई त्याच पुस्तकावरून तो आजही जुळवता येतो.

आणखी एका प्रकाराबद्दल थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. अलीकडे वेबर कार्ब्युरेटरसारखी हुबेहूब दिसणारी, परंतु आत इंजेक्टर लपवलेली थ्रॉटल बॉडी मिळते आणि तिची तारीफ मोठ्या उत्साहाने केली जाते. ज्याला इंजेक्शन हवे त्याने ते खुशाल उघडपणे बसवावे. बोनेट उघडताच दिसावे आणि गाडीच्या कागदपत्रांत नमूद असावे. कार्ब्युरेटरची शोभा हवी पण त्याची जबाबदारी नको, ही वृत्ती पुढच्या खरेदीदाराची दिशाभूल करते, आणि गाडीच्या इतिहासात एक बनावट दस्तऐवज घुसडते.

मग बदल कधीच करू नये काय? ज्या गाडीचे मूळ इंजिनच हरवले आहे, किंवा जी पूर्वीच इतकी बदलली गेली की तिच्यात जतन करण्याजोगे मूळ काही उरले नाही, तिच्या बाबतीत माझा आक्षेप नाही. एखाद्याला आपली गाडी दररोज शहराच्या गर्दीत चालवावयाची असेल आणि इंजेक्शनशिवाय ती आच्छादनाखाली पडून राहणार असेल, तर पडून राहण्यापेक्षा चालणे बरे. मात्र मूळ भाग काढताना एकही भोक नवे पाडू नये, काढलेले सर्व नीट बांधून गाडीबरोबरच ठेवावे, आणि पुढच्या धन्याला हवे असल्यास ते परत चढवता यावे. आपल्याकडे आणखी एक व्यावहारिक कारण आहे. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील वाहनास ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद मिळण्यासाठी ते मूळ स्वरूपात जतन केलेले आणि भारी फेरफार न झालेले असावे लागते. इंजेक्शन हा भारी फेरफार ठरतो की नाही, या तंट्यात आरटीओच्या निरीक्षकासमोर उभे राहण्याची हौस कोणी बाळगू नये.

शेवटी निवड यंत्राची असली तरी तिच्या मुळाशी मालकाची इच्छा असते, आणि ती त्याने स्वतःशी प्रामाणिकपणे तपासावी. थंडीत चोक थोडा ओढून इंजिनाचा सूर ऐकणे, दर काही महिन्यांनी मिश्रण जुळवणे, घाट चढताना गाडी काय म्हणते याकडे लक्ष देणे, यात ज्याला श्रम दिसतात आणि रस दिसत नाही, त्याला जुनी स्पोर्ट्स कार मुळात नकोच आहे. त्याला तिचे रूप तेवढे हवे आहे. अशा माणसाची सोय जपानच्या माझदाने १९८९ साली करून ठेवली. एमएक्स-५ नावाची त्यांची गाडी त्याच जुन्या इंग्रजी गाड्यांचा आदर्श समोर ठेवून तयार झाली, दोन आसने आणि कापडी छत घेऊन आली, आणि पहिल्या दिवसापासून इंजेक्शनवर चालली. तीत कोणाचे वतन बुडालेले नाही, म्हणून तक्रारीलाही जागा नाही. अशा गृहस्थाने ती घ्यावी, आणि कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी ज्याला तो कारभार समजून घ्यावयाचा आहे त्याच्या स्वाधीन करावी. दोन्ही गाड्यांचे आणि दोन्ही माणसांचे त्यातच कल्याण आहे.